दंडाची पट्टी आणि बाजरीचे शेत

नायजर देशाच्या मरादी भागात जून ते सप्टेंबर दवाखान्यांत लहान मुलांची गर्दी वाढते. कणगीतले धान्य संपलेले असते, नवी बाजरी अजून शेतात उभी असते आणि पावसाबरोबर हिवतापाचे डासही आलेले असतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळली जाते. घेर 115 मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर कुपोषण अतितीव्र. अशा मुलाला साधे जुलाबही झेपत नाहीत. 2005 साली नायजरमध्ये अशी साठ हजारांहून अधिक मुले एकट्या ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने उपचारांखाली घेतली होती. शेंगदाण्याचा कूट, दूध पावडर, साखर आणि तेल यांची पाकिटबंद पेस्ट घरी देऊनही बहुतेक मुले बरी करता येतात, हे तेव्हा मोठ्या प्रमाणावर दिसले.

पेस्टने मूल सावरते. त्याच्या घरच्या शेताचे दुखणे मात्र जुने आहे.

बाजरी मूळची सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या या साहेल पट्ट्यातली. हजारो वर्षांपूर्वी तिथूनच ती आपल्याकडे आली. तिथल्या शेतांत पूर्वी झाडे असत. विसाव्या शतकात माणसे वाढली, जमीन पडीक ठेवायची सोय उरली नाही आणि सरपणापायी झाडे गेली. त्यात फ्रेंच अमलातल्या कायद्याने झाड सरकारचे ठरवले होते. आपल्याच शेतातले झाड तोडले तर दंड, मग ते वाढू कशाला द्यायचे, असा शेतकऱ्याचा सरळ हिशेब होता. रान उघडे पडले. पहिल्या पावसाच्या वेळी सुटणाऱ्या वादळात उडती वाळू कोवळी रोपे कापून काढी, उरलेली पुरून टाकी. एका हंगामात तीन-तीन वेळा पेरणी करावी लागे, आणि पेरलेले बी म्हणजे खायच्या धान्यातूनच काढलेले.

या भागात हाउसा शेतकरी आणि फुलानी गुराखी यांचा जुना रिवाज होता. सुगी झाली की गुरे शेतात उतरायची, ताटे खायची आणि शेण टाकून जायची. धनगरांची मेंढरे शेतात बसवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हा व्यवहार समजावून सांगायला नको. पण उतारा घटला तसा नांगर कुरणांत आणि गुरांच्या वाटांवर शिरला. सुगीआधी परतणारा कळप मग उभ्या पिकातूनच जाऊ लागला. ऑक्टोबर 1991 मध्ये मरादी भागातल्या तोडा या गावी पिकाच्या नुकसानीवरून वाद पेटला आणि शंभराहून अधिक फुलानी मारले गेले.

एवढ्या संहाराचे खापर केवळ वाळूवर फोडणे चुकीचे ठरेल. दुष्काळ पडलेल्या प्रत्येक गावात माणसे एकमेकांना मारत नाहीत. वाद निष्पक्षपणे मिटवणारा कुणी आहे का, गुरांची वाट कुठली हे ठरलेले आहे का, यावर बरेच अवलंबून असते. निकस जमीन चुकीला जागा ठेवत नाही, इतकेच म्हणता येते.

जमीन सुधारण्याची गोष्टही मरादीतलीच आहे. 1983 मध्ये टोनी रिनॉडो हा मिशनचा ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ वाळूत गाडी चालावी म्हणून चाकांतली हवा कमी करायला थांबला. त्याने लावलेली रोपे बहुतेक मरत होती. तिथे त्याला एक झुडूप दिसले आणि कळले की ते तोडलेल्या झाडाच्या बुंध्यातून फुटलेले धुमारे आहेत. मुळे जमिनीखाली जिवंत होती. शेतकरी दरवर्षी पेरणीआधी ते धुमारे छाटून टाकत होते. त्यातले दोन-चार जोमदार राखायचे, बाकीचे काढायचे, एवढेच करायचे होते. रोपवाटिका नको की पाण्याचा टँकर नको. तरी लोकांना पटायला वेळ लागला. 1984 च्या दुष्काळात मदतीच्या धान्याच्या बदल्यात राखलेली बरीच झाडे पुढच्या वर्षी तोडली गेली. सरकारी अधिकाऱ्यांनी दंडाचा बडगा सैल केला आणि राखलेल्या झाडाचे लाकूड आपलेच, हा भरवसा आला, तेव्हा ही रीत गावोगाव पसरली. तो हक्क कागदावर यायला 2020 साल उजाडले.

डच अभ्यासक क्रिस रेई आणि अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ग्रे टप्पन यांनी पुढे जुनी हवाई छायाचित्रे आणि उपग्रहचित्रे ताडून पाहिली. मरादी आणि शेजारच्या झिंदर भागात मिळून सुमारे 50 लाख हेक्टरांवर झाडे परतली होती. त्यांतले गाओ झाड भलतेच सोयीचे. ते पावसाळ्यात पाने गाळते, त्यामुळे बाजरीला ऊन मिळते, आणि कोरड्या दिवसांत त्याच्या शेंगा गुरांना चारा होतात. वारा अडल्यावर एकदाच पेरून भागू लागले. सरपणासाठी बायकांची पायपीट कमी झाली. 2005 च्या टंचाईत अशा अनेक गावांनी लाकूड विकून धान्य घेतले आणि ते वर्ष इतरांपेक्षा बरे काढले. चारा वाढला तशी गुराख्यांशी होणारी भांडणेही उतरली, असे गावकरी सांगतात. अर्थात याचे श्रेय एकट्या झाडांचे नाही. 1993 च्या ग्रामीण संहितेनंतर ठिकठिकाणी जमीन समित्या बसल्या आणि गुरांच्या वाटा आखल्या गेल्या.

त्याच उपग्रहचित्रांत सीमेपलीकडचा नायजेरिया मात्र उघडा दिसतो, खरे तर पाऊस तिकडे जास्त. तिथल्या कात्सिना, झाम्फारा, सोकोतो या राज्यांत आज सशस्त्र टोळ्यांचा धुमाकूळ आहे. अपहरण, गुरांची लूट आणि शेतात पाऊल टाकायलाही खंडणी. या टोळ्या नायजरमध्येही घुसतात, आणि बंदुकीपुढे गाओचा इलाज चालत नाही. 2019 पासून हजारो निर्वासित सीमा ओलांडून मरादी भागात आले. खंडणी परवडत नाही म्हणून तिकडे चांगली जमीनही पडीक राहते. टंचाईच्या महिन्यांत तिकडच्या आया मुलांना घेऊन सीमेजवळच्या मदारुन्फा गावातल्या दवाखान्यात येतात, आणि मुलाच्या दंडाभोवती तीच रंगीत पट्टी गुंडाळली जाते.