अभिजात ग्रंथ कुणाचे? ‘अँटिगनी’च्या निमित्ताने

मंडळी, मागच्या वेळी व्याख्यान संपता संपता एक प्रश्न आला होता. पाश्चात्त्य अभिजात ग्रंथांची यादी केली कुणी, आणि आपण ती का मानायची? प्रश्न रास्त आहे. 1952 साली अमेरिकेत ‘ग्रेट बुक्स ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ ही 54 खंडांची मालिका निघाली. होमरपासून फ्रॉइडपर्यंत मोठमोठी नावं त्यात आहेत, पण लेखिका एकही नाही! ती चूक दुरुस्त व्हायला 1990ची आवृत्ती यावी लागली. तेव्हा यादीची वकिली आम्ही करणार नाही. आम्हाला बोलायचंय ते सोफोक्लीसच्या एका नाटकाबद्दल.

सोफोक्लीसने शंभरावर नाटकं लिहिली, त्यातली पूर्ण अशी 7 उरली. ‘अँटिगनी’ हे त्यांपैकी एक, जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीचं. गोष्ट साधी आहे. थीब्जच्या गादीसाठी दोघे भाऊ लढतात आणि एकमेकांच्या हातून मरतात. गादीवर येतो त्यांचा मामा क्रेऑन. जो भाचा परकी फौज घेऊन चालून आला, त्याचं प्रेत कुणी पुरायचं नाही, असा तो हुकूम काढतो. बहीण अँटिगनी हुकूम मोडते. तिचं लग्न ठरलंय क्रेऑनच्याच मुलाशी, हायमनशी. (मामेभावाशी सोयरीक, हे आपल्याकडे समजावून सांगायला नको.)

आता आपण चटकन काय म्हणतो? ती नायिका, तो खलनायक. पण नाटक नीट वाचलं तर असं जमत नाही. नुकतंच युद्ध संपलंय, गावावर चाल करून येणारा आणि गावासाठी लढणारा यांना सारखाच मान कसा द्यायचा, हा क्रेऑनचा सवाल पोकळ नाही. आणि अँटिगनी काही मऊ स्वभावाची नाही. शिक्षेत वाटेकरी व्हायला आलेल्या सख्ख्या बहिणीला ती तोडून टाकते. हेगेलला तर या नाटकात दोन खऱ्या हक्कांची टक्कर दिसली. शेवटी क्रेऑनला उपरती होते, पण तोवर अँटिगनी, हायमन आणि त्याची आई, तिघांनीही जीव दिलेला असतो. तो मात्र जिवंत राहतो.

दोन्ही बाजूंना असं खरं बळ असल्यामुळेच हे नाटक कुणा एकाच्या खिशात बसत नाही. 1944 साली, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, झाँ आनुईने रचलेली नवी अँटिगनी रंगमंचावर आली. सेन्सॉरने तिला परवानगी दिली होती! काहींनी तिच्यात प्रतिकार पाहिला, तर काहींना क्रेऑनचीच बाजू फार जड वाटली.

आणि मग रॉबेन बेट. दक्षिण आफ्रिकेचं गोरं सरकार स्वतःला युरोपीय संस्कृतीचा राखणदार समजत होतं. त्याच सरकारच्या तुरुंगात काळ्या राजकीय कैद्यांनी ‘अँटिगनी’चा प्रयोग केला. जन्मठेप भोगणारे नेल्सन मंडेला त्यात होते. त्यांनी काम कुणाचं केलं असेल? क्रेऑनचं! ज्याला सत्तेने डांबलंय, तो सत्तेच्या तोंडची भाषणं पाठ करतोय. तो राजा कुठे शहाणा आहे आणि कुठे दयेला मुकतो, ते आतून पाहतोय. 1994 मध्ये हाच माणूस राष्ट्राध्यक्ष झाला.

आता प्रश्न विचारणाऱ्यांना आमची एक विनंती. पुढच्या वेळी येताना हायमन आणि क्रेऑन यांचा प्रसंग वाचून या. बापलेकाचं भांडण आहे, पाऊण तासात होईल. दोघांपैकी कुणाची बाजू घ्यायची, ते ठरवूनच या, म्हणजे आपल्याला तिथूनच सुरुवात करता येईल.