पिल्लाची पारख त्याच्या आईपासून

घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाचे नाव आज दूरवर पोहोचले आहे ते कुत्र्यांच्या एका जातीमुळे. लांब पाय, चिंचोळे तोंड व आत ओढलेली कंबर असा हा शिकारी कुत्रा महाराष्ट्रात ‘कारवान’ या नावानेही ओळखला जातो. राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात निवडक नर-मादीपासून जोपासली व तिची जोडी इंग्लंडच्या बादशहास नजर केली. २००५ साली आपल्या टपाल खात्याने तिचे तिकीटही काढले. या निवडीत रूपाला फारसे मोल नव्हते. जो दमल्याशिवाय धावतो, त्याचाच वंश वाढवावयाचा, एवढेच पाहिले जाई. छाती व पाय त्यामुळे आपोआप निरोगी राहिले.

हौसेच्या बाजारात याच्या उलट घडते. चपटे नाक गोजिरे दिसते म्हणून पगचे नाक पिढ्यान्‌पिढ्या आखूड करण्यात आले. कुत्रा अंगातील उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो. मग आमच्या सिल्वासाच्या वैशाखातील दमट उकाड्यात या मुक्या जिवाने काय करावे?

दुसरे कारण जवळच्या नात्यातील जोडीचे. काही दोष असे असतात की ते आई व बाप या दोघांकडून आले तरच प्रकट होतात. सख्ख्या भावंडांची जोडी लावली म्हणजे दोघांत तोच दोष दडलेला असण्याचा संभव फार वाढतो. जातीचा कागद असला तरी ही भीती टळत नाही.

स्वभावाचेही तसेच आहे. भित्र्या मादीची पिल्ले पुष्कळदा भित्री निघतात. आणि भ्यालेला कुत्राच बहुधा चावतो, बरेचदा घरातील मुलालाच. परंतु सारे रक्तावर अवलंबून नाही. स्कॉट व फुलर या अमेरिकन संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू माणसाशी व स्वजातीशी नाते जोडावयास शिकते. आई व भावंडांत खेळताना चावा किती जोराचा घ्यावा, हेही ते तेथेच उमजते.

गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी महिन्याचे पिल्लू आले आणि चौथ्या दिवशी रक्ताच्या हगवणीने गेले. मुलगा आठवडाभर वर्गात गप्प होता. तो पार्व्हो रोग होता. मादीला वेळेवर लस दिलेली असेल तर तिच्या पहिल्या दुधातून पिल्लाला काही आठवडे संरक्षण मिळते. विकणाऱ्याला त्याची फिकीर नव्हती. वास्तविक २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही, मादीला वर्षातून एकाहून अधिक वेळा विऊ देता येत नाही, आणि उभ्या आयुष्यात पाचाहून अधिक वेत घेता येत नाहीत.

म्हणून पिल्लू घ्यावयास जाल तेव्हा त्याची आई दाखवावयास सांगा. ती अंगाने भरलेली आहे काय, अनोळखी माणसाजवळ शेपूट हालवीत येते काय, हे पाहा. आई गावाकडे आहे असे उत्तर मिळाले, तर किंमत न विचारता परत फिरा.