स्पितीची कच्ची वाट, सायकलवरून

ग्राम्फूहून छत्रू, बातलमार्गे कुंझुम खिंड (सुमारे 4,550 मीटर) ओलांडून लोसरला उतरणारी वाट म्हणजे दगड, वाळू आणि नाले. नाल्यांचं वेळापत्रक आधी समजून घ्या. दुपारच्या उन्हात हिमनद्या वितळतात आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी मांडीला लागतं. मोठा नाला सकाळीच पार करायचा. उशीर झालाच तर अलीकडे तंबू ठोका.

कॅरिअरला लटकवलेल्या पिशव्या इथे खडखडून सैल होतात. जड सामान फ्रेमच्या त्रिकोणात, स्लीपिंग बॅग हँडलला, कपडे सीटमागे. पाठीवर शक्यतो काहीच नको. टायर निदान दोन इंची, हवा डांबरी रस्त्यापेक्षा कमी. ब्रेकपॅड, चेनची जोडकडी आणि डिरेलरचा हँगर जवळ हवेतच. वाटेत दुकानाचा भरवसा नाही.

3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. म्हणून छत्रू ते बातल एका दमात नको, छोटा दर्रापाशी थांबा. डोकं दुखत असेल तर चढायचं नाही, हवा कितीही छान असो.

स्टोव्हचा गॅस विमानात चालत नाही, तो मनालीत घ्या. मेतकूट मात्र घरूनच न्या. ढाब्यावरच्या तिसऱ्या राजमा-भातानंतर त्याची किंमत कळते.