हातचा सुटलेला डाव

शह, मात, वजीर, प्यादे हे शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचे आहेत. पण एका जगज्जेत्याने बरोबरीत सुटणारा डाव सोडून दिला, ही हकिकत तुम्हांला ठाऊक आहे का?

४ मे १९९७ चा दिवस. न्यूयॉर्क शहरात गॅरी कास्पारोव्ह 'डीप ब्ल्यू' नावाच्या संगणकाशी सामन्यातील दुसरा डाव खेळत होते. हा संगणक एका सेकंदात सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे! पंचेचाळिसाव्या खेळीला कास्पारोव्हना वाटले, आता काही उपाय नाही. त्यांनी हार मानली.

बुद्धिबळप्रेमींनी मात्र तीच स्थिती आपापल्या संगणकांवर मांडली. संगणक काय करतो? 'मी ही खेळी केली, तर समोरचा काय करील? मग मी काय करीन?' असे तो पुढे पुढे पाहत जातो. मग मोहऱ्यांची किंमत मोजतो. प्यादे १, हत्ती ५, वजीर ९. राजा सुरक्षित आहे का, हेही पाहतो. पण त्याची नजर ठरावीक खेळ्यांपर्यंतच पोहोचते. म्हणून माणसाने खेळी सुचवायची, संगणकाने ती तपासायची, असे पुन्हा पुन्हा करावे लागे. आज हे काम साध्या मोबाइलवरही होते.

शोधाअंती कळले, की काळ्या वजिराने पुढे घुसायला हवे होते. मग शहामागून शह देत डाव बरोबरीत सुटला असता. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांनी हे सांगितले, तेव्हा कास्पारोव्हना मोठा धक्का बसला. उरलेल्या चार डावांपैकी एकही ते जिंकले नाहीत.