सायलेन्सर (बंदूक)

सायलेन्सर किंवा ध्वनिशामक हे बंदुकीच्या नळीच्या टोकाला बसवले जाणारे, गोळीबाराचा आवाज व ज्वाळेची चमक कमी करणारे साधन आहे. मराठीत 'सायलेन्सर' हा शब्द प्रामुख्याने मोटारसायकलच्या धूर सोडणाऱ्या नळीसाठी रूढ असला, तरी या लेखाचा विषय बंदुकीचा सायलेन्सर हा आहे. भारतीय कायद्यानुसार हे साधन बंदुकीचा केवळ जोडभाग नसून स्वतंत्र अग्निशस्त्र मानले जाते.

कार्य

काडतुसातील दारू जळून निर्माण झालेले उष्ण वायू गोळीमागोमाग नळीबाहेर एकदम प्रसरण पावतात व त्यामुळे स्फोटासारखा आवाज होतो. सायलेन्सरमधील कप्प्यांत हे वायू टप्प्याटप्प्याने पसरतात आणि थंड होतात. त्यामुळे आवाज साधारणपणे २० ते ३० डेसिबलने घटतो. रायफलचा मूळ आवाज सुमारे १६० डेसिबल असल्याने चित्रपटांत दाखवतात तशी शांतता प्रत्यक्षात साधत नाही. शिवाय ध्वनीहून वेगवान गोळीचा हवेतील कडकडाट सायलेन्सरला थांबवता येत नाही. उदाहरणार्थ, दीपनगरपासून जवळच असलेल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत तयार होणाऱ्या ५.५६ मिमी रायफल काडतुसाची गोळी ध्वनीच्या दुपटीहून अधिक वेगाने जाते.

इतिहास

व्यापारी दृष्ट्या यशस्वी ठरलेला पहिला सायलेन्सर अमेरिकन संशोधक हायरम पर्सी मॅक्सिम यांनी बनवला. त्याचे एकस्व त्यांना १९०९ साली मिळाले. मशीनगनचे जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे त्यांचे वडील होत.

भारतातील कायदा व खरेदी

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधील 'अग्निशस्त्र' या संज्ञेच्या व्याख्येत आवाज वा चमक कमी करणाऱ्या साधनांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे सायलेन्सर मिळवण्यास किंवा जवळ बाळगण्यास कलम ३ नुसार परवाना लागतो. मग बंदूक सोबत असो वा नसो. रायफल वा रिव्हॉल्व्हरचा परवाना सायलेन्सरला आपोआप लागू होत नाही. परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. जळगाव व धुळे जिल्ह्यांत सर्वसाधारण शस्त्रपरवाने जिल्हादंडाधिकारी देतात आणि त्यापूर्वी पोलिसांचा अहवाल मागवला जातो.

परदेशी संकेतस्थळांवर हे साधन साध्या सुट्या भागाप्रमाणे विक्रीस दिसते. मात्र विनापरवाना ते मागवणे ही शस्त्राची बेकायदा आयात ठरते. घरी तयार करणे हाही गुन्हा असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्रनिर्मितीस किमान ७ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. केवळ कुतूहलापोटी केलेली पहिली खरेदीही म्हणूनच कारावासापर्यंत नेऊ शकते.

अन्य देश

अमेरिकेत १९३४ पासून सायलेन्सरची नोंदणी व २०० डॉलर कर बंधनकारक होता. १ जानेवारी २०२६ पासून हा कर शून्य झाला, पण नोंदणी कायम आहे. काही राज्यांत खाजगी वापरास बंदी आहे. नॉर्वे व फिनलंडमध्ये शिकारी आपल्या श्रवणशक्तीच्या रक्षणासाठी तो सर्रास वापरतात. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी असल्याने हे कारण येथे गैरलागू ठरते. उलट सातपुड्यातील यावल अभयारण्यासारख्या जंगलात बंदुकीचा आवाज हा चोरट्या शिकारीचा पहिला सुगावा ठरू शकतो. नेमबाजीच्या सरावात कानांचे रक्षण करण्यासाठी कर्णरक्षक वापरता येतात व त्यांना परवाना लागत नाही.