घरातलंच कुणीतरी मूत्रपिंड देतं तेव्हा

आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास डायलिसिस. हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेवर, बोट ठेवलं की रक्ताची थरथर जाणवते. ती थांबली तर तातडीने डॉक्टरांना गाठायचं. पाणीसुद्धा मोजूनमापून. प्रत्यारोपणाने यातून सुटका होऊ शकते, पण मूत्रपिंड द्यायचं कोणी?

घरातलं कुणी आपल्या दोनपैकी एक देऊ शकतं. दात्याचं उरलेलं मूत्रपिंड थोडं मोठं होतं आणि बरंचसं काम अंगावर घेतं. अर्थात, दात्याची साखर, रक्तदाब आधी कसून तपासायलाच हवेत. नवं मूत्रपिंड ओटीपोटात, पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना जोडतात. जुनी बहुधा जागच्या जागी राहतात. नवं मूत्रपिंड चालतंय तोवर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चुकवायच्या नाहीत.

रक्तगट जुळला नाही तरी वाट बंद होत नाही. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४च्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि अशा दोन कुटुंबांना दात्यांची अदलाबदल करण्याची मुभा मिळाली.

मला अस्वस्थ करते ती वेगळीच गोष्ट. आपल्याकडे देणाऱ्यांत बायकाच जास्त: आई, बायको, बहीण. म्हणून डॉक्टरांनी तिला एकटीला, घरच्यांना बाहेर बसवून विचारावं. आणि ती नाही म्हणाली, तर घरच्यांनो, कारण विचारू नका.