‘अले’ : भय शमविणारें क्रियापद

भीति, संशय, तहान यांचा जोर कमी करणें या अर्थीं इंग्रजींत ‘अले’ असें एक क्रियापद आहे. ए, दोन एल, ए आणि वाय हीं त्याचीं अक्षरें होत. उच्चार करितांना आघात ‘ले’ वर द्यावा. नाहींतर गल्ली या अर्थाच्या ‘अ‍ॅली’ शब्दाशीं त्याची गफलत होते. जुन्या इंग्रजींत त्याचा मूळ अर्थ ‘खालीं ठेवणें’ असा होता. उतूं जाणारें दूध खालीं बसावें, तशी मनांतील खळबळ खालीं बसविणें हा त्याचा भाव.

या क्रियापदाचें कर्म मनुष्य नसतो, त्याची भीति असते. ‘आईनें मुलाची भीति शमविली’ येथें ‘अले’ शोभेल. ‘आईनें मुलास धीर दिला’ येथें मात्र ‘रिअशुअर’ योजावें. भूतकाळीं ‘अलेड’ लिहितांना वाय तसाच ठेवून पुढें ई, डी जोडावीं. शिवाय, भीति समूळ नाहींशी झाली असें हा शब्द सांगत नाहीं; ती उणावली, एवढेंच सांगतो. म्हणून ‘घालविणें’ यापेक्षां ‘शमविणें’ हाच त्याचा जवळचा प्रतिशब्द होय.

भय कशानें शमतें, हें आपल्याच प्रांताच्या इतिहासांत दिसतें. 1896 सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला. डॉक्टर हाफकीन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांस ताप आला, वेदना झाल्या, परंतु ते बरे झाले. इतरांपुढें लस ठेवण्यापूर्वीं त्यांनीं आपलेंच शरीर पुरावा म्हणून ठेविलें. परळ येथील हाफकीन संस्था त्यांचेंच नांव धारण करिते. त्याच वर्षीं पुण्यांत घरझडतीसाठीं गोरे शिपाई आले, तेव्हां लोकांचें भय शमण्याऐवजीं दुणावलें.

पुंडलिकनगरांतील घरोघरींही हा भेद लागू पडतो. ‘सुई मुळींच दुखत नाहीं’ असें सांगून मुलास फसविल्यास पुढच्या वेळीं त्याची भीति वाढते. ‘क्षणभर दुखेल, मी जवळ आहें’ हें खरें बोलणें ती उणावतें. परीक्षेच्या भयाचेंही तसेंच. ‘घाबरूं नकोस’ या नुसत्या आज्ञेपेक्षां, अडलेलें एक उदाहरण शेजारीं बसून सोडविणें अधिक उपयोगी. शब्दाचा अर्थ कोशांत सांपडतो. तो आचरणांत आणणें आपणां सर्वांच्या हातीं आहे.